कॅसेट आपली, खेळ कुणाचा?

आमच्या नाशिकरोडच्या घरात माळ्यावर एक पत्र्याचा डबा आहे. त्यात चौदा कॅसेटी आहेत, टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमच्या. बहुतेक पिवळ्या, काही काळ्या, एक लाल. १९९४ ते १९९८ या काळात दिवाळीचे, वाढदिवसाचे, मामाने हातावर ठेवलेले पैसे साठवून मी आणि दादाने त्या जमवल्या. डब्यात कॅसेटींबरोबर दोनशे पानी वहीही आहे. आमच्या मशीनमध्ये खेळ अर्धवट सोडून दुसऱ्या दिवशी पुढे सुरू करायची सोय नव्हती. काही गेममध्ये स्टेज संपली की पडद्यावर पासवर्ड यायचा. दादा तो वहीत उतरवून घ्यायचा. शेजारी स्टेजचा नकाशा, कुठे खड्डा, कुठून शत्रू येतो, बॉसला, म्हणजे स्टेजच्या शेवटच्या मोठ्या शत्रूला, कुठे उभं राहून मारायचं. काँट्रा या गोळीबाराच्या गेमच्या पानावर वर, वर, खाली, खाली, डावा, उजवा, डावा, उजवा, बी, ए अशी ओळ आहे. ती दाबली की तीस लाइफ मिळत. ही ओळ गल्लीत कुणी आणली ते आम्हाला कधीच कळलं नाही, पण जपानमधल्या कोनामी कंपनीचा हा कोड कुठल्याही मासिकाशिवाय, इंटरनेटशिवाय नाशिकरोडला पोचला होता.

गेल्या दिवाळीत मुलीला दाखवायला मी डबा खाली काढला. नव्या टीव्हीला पिवळ्या-पांढऱ्या पिनांची जागाच नाही, म्हणून बाजारातून कन्व्हर्टर आणला. जुना अडॅप्टर जळाला होता, त्याच्या जागी दुसरा मिळाला. पहिल्यांदा पडद्यावर नुसत्या करड्या चौकडी उमटल्या. कॅसेट काढली, पिना खोडरबराने घासल्या, परत बसवली. तिसऱ्या खेपेला काँट्राचं संगीत सुरू झालं. तीस वर्षं माळ्यावर पडलेली वस्तू दहा वर्षांच्या मुलीच्या हातात जिवंत झाली. पहिल्याच स्टेजमध्ये तिच्या सगळ्या लाइफ संपल्या आणि तिने माझ्याकडून एक उसनी घेतली, अगदी मी दादाकडून घ्यायचो तशी.

त्याच रात्री तिला आणखी काही दाखवावं म्हणून मी माझा नंतरचा कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडायचं गेमचं नवं मशीन, काढला. २०११ ते २०१५ दरम्यान, नोकरी लागल्यावर, मी ऑनलाइन दुकानातून रीतसर पैसे मोजून एकोणीस गेम घेतले होते. खातं ज्या मोबाइल नंबरला जोडलेलं होतं तो नंबर केव्हाच बंद झाला आहे. दुकानाच्या मदत विभागाशी तीन आठवडे पत्रव्यवहार केला, पावत्यांचे स्क्रीनशॉट पाठवले. शेवटी उत्तर आलं की खात्याची मालकी पडताळता येत नाही, सबब काही करता येणार नाही. एकोणीसपैकी एकही गेम आज मला उघडता येत नाही.

मामाच्या पैशांच्या कॅसेटी चालतात आणि माझ्या पगाराचे गेम चालत नाहीत. हा प्रश्न माझ्या एकट्याच्या तक्रारीपुरता असता तर मी लिहायला बसलो नसतो.

दहाव्या वर्षी मला भाडं आणि खरेदी यांतला फरक नीट कळत होता. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक दुकान होतं, तिथे व्हिडिओ गेमचं मशीन दिवसाच्या भाड्याने मिळायचं. अनामत रक्कम ठेवायची, सकाळी दहाला न्यायचं, दुसऱ्या दिवशी दहाला परत करायचं. त्या चोवीस तासांत आम्ही जेवण विसरायचो, कारण वेळ मोजलेला होता. स्टेशनजवळच्या पार्लरमध्ये तर रुपयाचं नाणं टाकलं की जेवढा जीव तेवढाच खेळ. तिथला आमचा देव म्हणजे ‘मुस्तफा’. त्या गेमचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, तो कॅपकॉमने १९९३ साली काढला, हे मला पंचवीस वर्षांनी समजलं. त्यातल्या एका पात्राचं नाव आम्ही अख्ख्या गेमला दिलं होतं, आणि देशभरातल्या पोरांनी परस्पर तेच केलं होतं. पार्लर बंद झालं तेव्हा वाईट वाटलं, पण फसवल्यासारखं वाटलं नाही. ते यंत्र आपलं नाही, हे नाणं टाकतानाच माहीत होतं.

आज पडद्यावरच्या बटणावर ‘विकत घ्या’ असं लिहिलेलं असतं आणि हातात येतो तो वापराचा परवाना, देणाऱ्याला वाटेल तेव्हा काढून घेता येईल असा. महिन्याची वर्गणी भरून गेम खेळण्याच्या योजना मला मान्य आहेत. तिथे भाडं हे भाडं म्हणूनच घेतलं जातं. आक्षेप आहे तो पूर्ण किंमत घेऊन, खरेदीचा शब्द वापरून, भाड्याचा व्यवहार करण्याला. कॅलिफोर्निया राज्याने २०२४ मध्ये याच मुद्द्यावर कायदा केला आणि तो १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. ग्राहकाला फक्त परवाना मिळत असेल तर ते विक्रेत्याने स्पष्ट सांगायचं, नाहीतर ‘विकत घ्या’ हे शब्द वापरायचे नाहीत. तो अमलात येण्याआधीच स्टीमसारख्या गेमच्या मोठ्या ऑनलाइन दुकानाने पैसे भरण्याच्या पानावर तशी सूचना लावली. आपल्याकडे पिठाच्या पुड्यावर वजन छापायची सक्ती आहे. चार-पाच हजारांच्या गेमवर तो किती दिवस आपला राहील हे छापायची सक्ती नाही.

मात्र नुसती पाटी लावून भागणार नाही, हे ‘द क्रू’च्या उदाहरणावरून दिसतं. युबिसॉफ्टचा हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम २०१४ च्या अखेरीस आला. अमेरिका देशाचा लहान केलेला नकाशा, त्यात या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत गाडी चालवत जायचं. एकट्याने खेळायचं असलं तरी इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरशी, म्हणजे तिच्या कॉम्प्युटरशी, जोडलेलं असणं भाग होतं. ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाला आणि ज्यांच्या कपाटात डिस्क होती त्यांच्याही हातात प्लास्टिकची चकती उरली. पाठोपाठ लोकांच्या डिजिटल संग्रहातून परवानेही काढून घेतले गेले. यातून रॉस स्कॉट या यूट्यूबवरच्या माणसाने ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम सुरू केली. युरोपीय संघातल्या नागरिकांनी याच मागणीसाठी केलेल्या अर्जावर जुलै २०२५ पर्यंत दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. मागणी साधी आहे. सर्व्हर जन्मभर चालवा असं कुणी म्हणत नाही. दुकान बंद करताना, विकलेला गेम कसाबसा का होईना चालू राहील अशा अवस्थेत सोडून जा, एवढंच.

कंपन्या म्हणतात, हे खर्चिक आहे, तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे. गेममधल्या गाड्यांच्या, गाण्यांच्या परवान्यांची मुदत संपते हेही खरं आहे. मी ते नाकारत नाही. पण ‘फोर्झा होरायझन ४’ हा गाड्यांच्या शर्यतीचाच गेम डिसेंबर २०२४ मध्ये विक्रीतून काढला गेला तेव्हा ज्यांनी तो आधी घेतला होता त्यांच्याकडे तो राहिला. नवीन विक्री थांबवणं आणि झालेली विक्री उलटवणं या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात. खुद्द युबिसॉफ्टनेही ओरड झाल्यावर सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलं की ‘द क्रू’च्या पुढच्या भागांना ऑफलाइन खेळायची सोय दिली जाईल. म्हणजे ते करता येत होतं. आधीच ठरवलं असतं तर कमी खर्चात झालं असतं, कारण अशा सोयी घर बांधतानाच्या नळासारख्या असतात, भिंती उभ्या राहिल्यावर फोडाफोड करावी लागते.

माझी कॅसेट का चालली, याचा मी त्या दिवाळीच्या रात्री बराच विचार केला. आत एक चिप आहे आणि तिच्यात संपूर्ण गेम आहे. १९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ अख्खाच्या अख्खा ४० किलोबाइटांत मावतो. आज मोबाइलवर काढलेला एक फोटो त्याच्या पन्नासपटीहून मोठा भरतो. त्या चिपला कुणाची परवानगी घ्यायची नसते. तिला वीज मिळाली, पिना स्वच्छ असल्या, की ती आपलं काम करते. आजच्या डिस्कवर बऱ्याचदा अपुरा गेम असतो आणि उरलेला पहिल्या दिवशी डाउनलोड करावा लागतो. २०२५ मध्ये आलेल्या निन्टेंडो स्विच २ या कन्सोलच्या काही गेमच्या कार्डात तर गेम नसतोच, फक्त किल्ली असते. कार्ड घातलं की गेम इंटरनेटवरून उतरवायचा. हातात धरता येणारी वस्तू आहे, दुकानात मिळते, मित्राला देता येते, पण ज्या दिवशी पलीकडचं गोदाम बंद होईल त्या दिवशी ती किल्ली कुठल्याच कुलुपाची राहणार नाही. आणि गोदामं बंद होतात. निन्टेंडोने ३डीएस आणि वी यू या आपल्या जुन्या मशीनांची ऑनलाइन दुकानं २७ मार्च २०२३ ला बंद केली, मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० चं दुकान २९ जुलै २०२४ ला. आधी घेतलेलं पुन्हा उतरवता येतं, पण ते किती वर्षं, याची हमी नाही.

आपल्याकडचं याच्या उलट उदाहरण म्हणजे ‘क्रिकेट ०७’. ईए कंपनीचा हा गेम २००६ च्या नोव्हेंबरात आला. त्यानंतर त्या मालिकेत कंपनीने पुढचा गेम काढलाच नाही. ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड सोडले तर बाकी संघांच्या खेळाडूंची नावंही त्यात धड नव्हती, कारण परवाने घेतलेले नव्हते. विराट कोहली भारताकडून पहिला एकदिवसीय सामना खेळला तो ऑगस्ट २००८ मध्ये, म्हणजे या गेममध्ये तो असण्याची शक्यताच नव्हती. तरी आज महाराष्ट्रातल्या कितीतरी हॉस्टेलच्या खोल्यांत, जुन्या कॉम्प्युटरवर, कोहली ‘क्रिकेट ०७’ मध्ये कव्हर ड्राइव्ह मारतो. गेमच्या फाइल उघडून चाहत्यांनी नवे संघ घातले, नवे कपडे शिवले, आयपीएल आणली, मैदानं बदलली. हे पॅच तयार करणाऱ्यांना कुणी एक पैसा दिला नाही. माझ्याकडे पुण्यातल्या नोकरीच्या पहिल्या वर्षी घेतलेली त्याची डिस्क आहे आणि दर एक-दोन वर्षांनी मी नवा पॅच टाकतो. कंपनीने सोडून दिलेला गेम जवळपास वीस वर्षं लोकांनी चालवला, कारण तो लोकांच्या हातात होता. हाच गेम सर्व्हरवर अवलंबून असता तर २०१० च्या आसपासच संपला असता आणि त्याबरोबर एका पिढीची कला, हौस आणि मेहनतही.

आता कॉपीचा प्रश्न. माझ्या डब्यातल्या चौदापैकी बहुतेक कॅसेटी नकली आहेत. आमचं मशीन निन्टेंडोने १९८३ साली जपानमध्ये आणलेल्या फॅमिकॉमची नक्कल होतं आणि ‘६४ इन १’ लिहिलेल्या कॅसेटीत कुणाचीही परवानगी न घेता गेम कोंबलेले होते. ज्यांनी ते गेम रचले त्यांना माझ्या मामाच्या पैशातला एक पैसाही गेला नाही. हे चूक होतं आणि आज मी चोरलेला गेम खेळत नाही, मुलीलाही खेळू देत नाही. पण एवढ्यावरून ‘चोरी करणाऱ्या देशाने मालकीच्या गप्पा मारू नयेत’ असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. रीतसर पैसे देणारा माणूस जर चोरी करणाऱ्यापेक्षा वाईट अवस्थेत राहणार असेल, त्याचा गेम काढून घेतला जाणार आणि चोरलेली प्रत मात्र चालत राहणार असेल, तर प्रामाणिकपणाची किंमत कंपन्याच वाढवत आहेत. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ मध्ये पाहणी केली, तेव्हा २०१० पूर्वी तिथे आलेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के गेम बाजारात मिळेनासे झाल्याचं दिसलं. ते पाहायचे, अभ्यासायचे, खेळायचे तर जुन्या वस्तूंच्या बाजारात शोधा, दूरच्या संग्रहालयात जा किंवा कायदा मोडा. त्या मोडणाऱ्यांनीच आजवर बरंचसं टिकवलं आहे. हे काम चोरांवर सोपवलेलं असावं, ही मला कायद्याची लाज वाटते.

‘शेवटी खेळच तो, गेला तर गेला’ असं माझे वडील म्हणतात, आणि बरेच सुजाण लोकही. मी त्यांना फाळकेंची आठवण करून देतो. दादासाहेब आमच्याच जिल्ह्यातले, त्र्यंबकेश्वरचे. १९१३ साली त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ केला, आणि आज त्या चित्रपटाची काही रिळंच उरली आहेत. १९३१ चा ‘आलम आरा’, देशातला पहिला बोलपट, त्याची एकही प्रत सापडत नाही. तेव्हाही सिनेमा म्हणजे तमाशासारखी करमणूक, चार दिवस चालली की रिळं गोदामात. काहींनी रिळातली चांदी काढून विकली. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये उभं राहिलं, तोवर मूकपटांचा जवळजवळ सगळा काळ हातचा गेला होता. पी. के. नायर यांनी गावोगाव फिरून जे वाचवलं त्यावर आज आपण भारतीय सिनेमाचा इतिहास सांगतो. व्हिडिओ गेम कला आहे की नाही यावर वाद घालायला पन्नास वर्षं आहेत, पण त्या वादासाठी गेम शिल्लक तर पाहिजेत. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २०१२ मध्येच ‘पॅक-मॅन’, ‘टेट्रिस’सह चौदा गेम आपल्या संग्रहात घेतले.

आणि आता प्रश्न फक्त जपान-अमेरिकेच्या गेमचा राहिलेला नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ आणला. हरवलेल्या धाकट्या भावाला शोधत निघालेली मुलगी, मागे देवळांच्या भिंती, मधूनमधून कथा सांगणाऱ्या छायाबाहुल्या. मी तो खेळलो तेव्हा पहिल्यांदा कन्सोलवर आपल्या ओळखीचे देव, आपल्या ओळखीचं दगडकाम पाहिलं आणि अर्धा तास नुसता त्या चौकांतून हिंडत राहिलो. तो एकट्याने खेळायचा गेम आहे, तेव्हा तो टिकायची आशा आहे. पुण्याच्याच सुपरगेमिंगचा ‘इंडस’ २०२४ मध्ये आला. तो अनेकांनी ऑनलाइन लढायचा गेम आहे, सर्व्हरशिवाय त्याला अर्थ नाही. तो खूप वर्षं चालो. पण ज्या दिवशी थांबेल त्या दिवशी पुण्यात बसून शेकडो माणसांनी घडवलेल्या त्या जगाचं काय उरेल? यूट्यूबवरचे व्हिडिओ. २००० नंतरच्या दशकात मुंबईच्या इंडियागेम्ससारख्या कंपन्यांनी साध्या बटणांच्या फोनसाठी केलेले जावा गेम आठवून पाहा. बसमध्ये, वर्गात मागच्या बाकावर आपण ते खेळलो. ते फोन गेले, दुकानं गेली, कंपनी विकली गेली. त्यांची सार्वजनिक जागी नीट ठेवलेली प्रत मागायला कुठे जायचं?

कायद्यात यासाठी आधार आहे, फक्त तो पुस्तकं आणि वर्तमानपत्रांपुरता आहे. १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची प्रत स्वखर्चाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना द्यायची असते. त्यातलं एक मुंबईत आहे. भारतात बनलेल्या प्रत्येक गेमची कुलूप नसलेली एक प्रत, आणि ऑनलाइन गेम असेल तर बंद करताना सर्व्हरच्या प्रोग्रॅमसह, याच धर्तीवर जमा व्हायला हवी. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली तेव्हा ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयांना जतनासाठी कृती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठवायची मुभा मिळाली, पण अट अशी की त्या कृतीची डिजिटल नसलेली प्रत ग्रंथालयाकडे आधीच असली पाहिजे. पुस्तकाची ती असते. गेमची अशी प्रत नसतेच, तो जन्मतःच डिजिटल असतो. म्हणजे ज्या वस्तूला जतनाची सर्वात जास्त गरज आहे तीच या सवलतीबाहेर राहिली. एका कलमातली एक अट बदलायची आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आली, ई-स्पोर्ट्सना, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांना, मान्यता मिळाली. त्या बंदीला माझा पाठिंबा आहे, पैशांच्या खेळांनी घरं बुडालेली मी पाहिली आहेत. पण गेमबद्दल संसद बोलली ती व्यसन, पैसा आणि फसवणूक यांपुरतीच. गेम विकत घेणाऱ्याचा हक्क आणि गेमचं जतन हे शब्द आपल्या चर्चेत अजून शिरलेलेच नाहीत. ते शिरवायचे तर आम्ही चाळिशीतल्या खेळणाऱ्यांनीच बोललं पाहिजे. आता आम्ही मतदार आहोत, ग्राहक मंचात जाणारे आहोत, काही जण तर या कंपन्यांत कामाला आहेत.

पुण्यात चित्रपट संग्रहालयाच्या शेजारी एखादी खोली व्हावी, असं मला फार वाटतं. जाड काचेचे जुने टीव्ही, दुरुस्त करून चालू ठेवलेली मशीनं, ‘मुस्तफा’चं लाकडी कपाट, ‘क्रिकेट ०७’ चे सगळे पॅच वर्षावर्षाने लावलेले, ‘राजी’, आणि खेळून पाहायला खुर्च्या. माझी चौदाही कॅसेटी मी देईन. दादाला फोन करून वहीबद्दल विचारलं. तो अमरावतीला असतो, त्याला वाटत होतं ती केव्हाच रद्दीत गेली. मी काँट्राचं पान त्याला फोनवर वाचून दाखवलं. तिसऱ्या स्टेजच्या धबधब्यापाशी त्याने पेन्सिलीने लिहिलंय : ‘इथे उडी उशिरा मार. घाई करू नको, मी खाली थांबतो.’